गळलेली ओळ

आदरणीय अब्बा,

सविनय सलाम. शस्त्रक्रियेनंतरही दृष्टी परतली नाही, म्हणून आपण मुलांना कुराण शिकवणे सोडणार, असे भाईजानांनी कळवले. लहान तोंडी मोठा घास घेते, क्षमा असावी.

मी खुशाल आहे, वेळेवर जेवते. इथे छापखान्यात कुराणाची कच्ची पाने मी मोठ्याने वाचते आणि आपल्याप्रमाणेच संपूर्ण कुराण मुखोद्गत असलेले हाफिजचाचा ऐकतात. काल त्यांनी मला थांबवले.

"पोरी, एक ओळ खाल्लीस. उपाशी आलीस की काय?"

"मी पानाबरहुकूमच वाचले, चाचा."

"मग पानाने खाल्ली!"

मूळ प्रत उघडली. खरोखरच ओळ गळली होती. इस्लामच्या पहिल्या पिढीने कुराण चामड्यावर लिहिले, तेही पाठ असणाऱ्यांकडून असेच ताडून घेतले, असे चाचा सांगतात. इतक्या शतकांचे हे ओझे नुसत्या स्मरणशक्तीला पेलले नसते. ते श्रद्धेनेच पेलले असावे.

अम्मीचे गुडघे कसे आहेत? आपण डोळ्यांत औषध वेळेवर घालता ना?

अब्बा, हाफिजचाचांना वीस वर्षांपासून दिसत नाही. मुलांना परत पाठवू नका.

आपली आज्ञाधारक,
धाकटी

टपालात टाकले: मंगळवार, १२ नोव्हेंबर १९९६, दुपारी ३ वाजून २० मिनिटे