माईकवरचा आणि घरातला

आण्णा, तुमचा आवाज सध्या माझ्या कंप्युटरवर आहे. म्हणजे तुमच्या आवाजाचा नमुना आहे; त्याला मी कुठलंही वाक्य लिहून दिलं की तो ते तुमच्यासारखं बोलून दाखवतो. हे माझं रोजचं काम आहे. पुण्यात मी ज्या कंपनीत आहे तिथे लोकांनी फोन लावला की पलीकडून बोलणारा आवाज आम्ही तयार करतो. तो मध्ये दम घेतो की नाही, 'हो का' म्हणताना खरंच ऐकल्यासारखा वाटतो की नाही, हे तपासणं माझ्याकडे असतं. अनोळखी माणसांच्या आवाजावर हे करताना मला कधी काही वाटलं नाही. तुमच्या आवाजावर करताना मी सारखी उठते, पाणी प्यायला म्हणून जाते आणि पाणी न पिता परत येऊन बसते.

धाकट्याचं लग्न आहे. तुम्ही गेलात तेव्हा तो दुसरीत होता. आता पालीत, राजगडच्या पायथ्याला, गडावर येणाऱ्यांसाठी जेवणाची सोय चालवतो. पिठलं, भाकरी, ठेचा, ताक. शनिवार-रविवारी बसायला जागा नसते आणि सगळी गिऱ्हाइकं मोबाईलवरून येतात. रोज सकाळी तो चुलीवर फुगणाऱ्या भाकरीचा नाहीतर ढगात गेलेल्या बालेकिल्ल्याचा एक व्हिडिओ टाकतो आणि मगच चहा पितो. जे मोबाईलवर दिसत नाही ते नसल्यातच जमा, असं त्याचं मत आहे, आणि त्याच्या धंद्यापुरतं ते बरोबरही आहे. म्हणून लग्नात तुम्ही दिसायला हवे आहात.

आपल्या खोऱ्यात आता तशी पद्धतच पडली आहे. पूर्वी गेलेल्या माणसाच्या नावामागे पत्रिकेत 'कै.' छापायचे आणि हार घातलेला फोटो स्टेजच्या कडेला खुर्चीवर ठेवायचे. आता मंगलाष्टकांच्या आधी मोठ्या पडद्यावर ढग येतात, ढगांतून आजोबा चालत येतात, हात वर करतात आणि पाकळ्या पडतात. मार्गासनीच्या एका लग्नात मी हे पाहिलं. पडद्यावरचे आजोबा म्हणाले, "माझ्या लाडक्या मुलांनो, तुमच्या सहजीवनास माझे अनंत आशीर्वाद." बायकांनी डोळ्यांना पदर लावले, निम्म्या मंडपाने मोबाईल उंच धरले. माझ्या शेजारी काका बसले होते. ते म्हणाले, "जित्तेपणी ह्यो माणूस शिवीबिगर बोलला न्हाई. मेल्यावर सुदारला." पुढच्या रांगेत कुणीतरी हसलं. पण येताना गाडीत काकांनीच विचारलं, "तुज्या बापाचं करता ईल का गं आसं?"

धाकट्याच्या डोक्यात ते आधीच होतं. "दुसऱ्याकडनं केलं तर आण्णा बातम्या दिल्यासारखं बोलत्याल. तू कर, ताई. तुजं तर कामच हाय." मी 'बघते' म्हणाले. तुमच्या वेळी आपल्या घरात 'बघतो' म्हणजे नाही असा अर्थ होता. त्याला तो ठाऊक नाही. चार दिवसांत तो मोटारसायकलवरून खोऱ्यातली घरं फिरला आणि पिशवीभर जुन्या लग्नांच्या सीडी घेऊन आला. प्रत्येक सीडीत तुम्ही होतात, कारण सुट्टीच्या दिवशी कुणाच्याही मंडपात पाहुण्यांचं स्वागत करायला माईकवर तुम्हीच असायचात. एवढा आवाज साठलेला असणं ही कामाच्या दृष्टीने चैन आहे. आम्हाला इतका क्वचित मिळतो.

तुमचे दोन आवाज होते हे मला भोरच्या स्टँडवर कळलं होतं. मी तुमच्या एसटी चौकशीच्या केबिनमध्ये स्टुलावर बसलेली आहे. शाळा सुटल्यावर गाडी मिळेपर्यंत मी तिथेच असते. तुम्ही माईकचं बटण दाबता आणि छापल्यासारखं बोलता: "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे." बटण सोडता, आणि खिडकीशी आलेल्या बाईला अगदी खाली आवाजात सांगता, "ती न्हाई मावशे, फुडची." मी नववीत आहे, शाळेत नुकताच कंप्युटरचा तास सुरू झाला आहे, आणि मी तुम्हाला सुचवते की सगळ्या गाड्यांची नावं एकदा रेकॉर्ड करून ठेवू, मग नुसतं बटण दाबायचं, तुमचा घसा वाचेल.

"आन् गाडी मधीच बंद पडली तर?"

"त्याचंही रेकॉर्ड करू. गाडी उशिरा येईल म्हणून."

"किती उशिरा?"

"दहा मिनिटं, वीस मिनिटं, सगळं वेगवेगळं करून ठेवू."

तुम्ही हसत नाही, खरंच विचार करता. तेवढ्यात एक म्हातारी गाठोडं घेऊन खिडकीशी येते आणि विचारते, वेल्ह्याची गेली का. वेल्ह्याच्या गाडीचं तुम्ही आत्ताच माईकवर सांगितलेलं असतं. तुम्ही तिला पुन्हा सांगता. ती गेल्यावर मी म्हणते, एवढ्या मोठ्यांदा सांगूनही हिला ऐकू येत नाही. तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणता, "ऐकू आलं हुतं तिला. तिला इचारायचं हुतं." आणि मग, जरा कडक, "सगळं ऐकू न आल्यामुळंच आसतं आसं समजू नगंस."

हे बोलणं मी विसरले नाही, पण मला ते पूर्ण पटलेलंही नाही. खिडकीत तुम्ही असलात तर विचारायला बरं वाटतं. प्रत्येक खिडकीत तुम्ही नसता. आई आता मोबाईल तोंडापुढे धरून विचारते, "वेल्ह्याची यष्टी कदी हाय?" आणि तो उत्तर देतो. कधी चुकीचंही देतो. तरी ती म्हणते, "ह्यो चिडत तरी न्हाई. तुज्या बापाची सोडली तर समद्या खिडक्या चिडत्यात." माझ्या कामाच्या बाजूने इतकं चांगलं कुणी बोललेलं मी ऑफिसातही ऐकलेलं नाही. मात्र दिवसभर न चिडणारे आवाज ऐकून घरी आल्यावर मला कुणाशी बोलावंसं वाटत नाही, हेही खरं आहे.

पहिला नमुना तयार झाला तेव्हा मी तो घरी ऐकवला. आई लग्नाचे तांदूळ निवडत होती. कंप्युटरमधून तुम्ही म्हणालात, "बाळा, सुखाचा संसार कर." धाकटा ताठ उभा राहिला आणि म्हणाला, "ह्येच. ताई, ह्येच." आईने सुपातला हात थांबवून पुन्हा लावायला सांगितलं. दोनदा ऐकून म्हणाली, "आवाज त्यांचाच हाय. पन ह्ये गावाचं हायत. घरातलं न्हाईत."

"म्हणजे काय?"

"घरात कुटं येवडं दणकून बोलायचं ते? आन् ह्याला बाळा कदी म्हनालं? बारक्या म्हनायचं."

"मंग बारक्या घाल की, ताई," धाकटा म्हणाला.

बारक्या घालून चालणार नव्हतं. आईने जे एका वाक्यात सांगितलं ते मला आधीच कळायला हवं होतं. यंत्र जे ऐकतं तेच शिकतं, आणि त्याने फक्त माईक ऐकला होता. घरातला आवाज कुणी कधी साठवला नाही. धाकट्याला तो आठवत नाही. तो मला म्हणाला, डोळे मिटले की आण्णा 'सर्वांचे सहर्ष स्वागत' म्हणतात, दुसरं काही म्हणतच नाहीत. हे तो हसत सांगत होता. मी हसले नाही, आणि त्या दिवसापासून हे काम माझ्यासाठी ढग आणि पाकळ्यांचं राहिलं नाही.

नमुना करताना आम्ही खूप काही कापून टाकतो. खाकरणं, 'हॅलो हॅलो', माईकवर मारलेल्या टिचक्या, मधली कुजबूज. ते टाकलेले तुकडे मी पुन्हा काढले आणि एकेक ऐकत बसले. एका लग्नात पंगत बसली आहे. चित्रात आचारी बुंदी वाढतो आहे, बाहेर हलगी वाजते आहे, आणि तुम्ही माईक बंद करायला विसरला आहात. एक लहान मूल किरकिरतं, 'आण्णा' म्हणतं. मग तुमचा आवाज येतो, खालचा, खिडकीतला: "ये बारक्या. हितं टेक डोकं. वाजू दे वाजतंय ते. मी हाय."

कुठल्याही नमुन्याचं करते तेच मी त्याचं केलं. हलगी मागे ढकलली, आवाज पुढे आणला, आजूबाजूचं कापलं, आणि तो तुकडा धाकट्याला मोबाईलवर पाठवला. बरोबर काही लिहिलं नाही. मला वाटलं होतं, लिहायची गरज नाही. थोड्या वेळाने त्याचं उत्तर आलं: 'एक नंबर बनवलंयस ताई. आता शेवटी फक्त दोघं सुखात राहा एवढं जोड.'

मी दुसऱ्या दिवशी पालीला गेले. पुण्याहून आलेली पोरं गडावरून उतरून हात धूत होती, धाकटा कांदा चिरत होता, आई चुलीपुढे भाकरी थापत होती.

"ते मी बनवलेलं नाही," मी म्हणाले. "ते आण्णा खरंच बोललेत. तुला."

तो हसला. "ताई, पयलं बी खरंच वाटत हुतं की."

"पहिलं मी केलं होतं. हे त्या सीडीत होतं."

"सीडीत दाव मंग."

मी मोबाईलवर उतरवून आणलेला सीडीचा तो भाग दाखवला. चित्रात आचारी आणि बुंदी. तुम्ही कुठेच नाही. त्याने मोबाईल परत दिला. "तू त्या आचाऱ्याच्या तोंडात बी आण्णांचा आवाज घालू शकतीस. मला कसं कळायचं?"

खरं-खोटं तपासायच्या रीती आमच्याकडे आहेत. त्यांतली एकही कांदा चिरणाऱ्या माणसाला चुलीशी उभं राहून सांगता येत नाही, आणि त्या रीती हरवायचं कामही माझ्यासारखेच कुणीतरी करत असतात. त्याच्यापाशी पुरावा एकच होता, मी. ज्या हाताने पहिलं बनवलं तोच हात दुसरं खरं आहे म्हणत होता.

"शपथ घे," तो म्हणाला. "आईची."

"माजी नगं," आई परातीवरची नजर न काढता म्हणाली. "मला लगीन बघायचंय. त्यांची घे. त्यांचं आता काय बिगडायचं ऱ्हायलंय?"

मी शपथा घेत नाही, तुम्हाला माहीत आहे. तुम्हीही घ्यायचा नाहीत. मी म्हणाले, "आण्णांची शपथ. खरं आहे."

त्याने दोन्ही हात पंच्याला पुसले, मोबाईल कानाशी नेला आणि भिंतीकडे तोंड करून ऐकलं. पोरांपैकी कुणीतरी ताक मागितलं. तो "आलो" म्हणाला आणि गेला नाही. पुन्हा ऐकलं. मग आईला ऐकवलं. आईने पुढची भाकरी तव्यावर टाकली, पण ती तिने उलटायला उशीर केला आणि ती करपली.

दुसऱ्या दिवशी त्याने पडदेवाल्याला फोन करून सांगितलं, ढग नकोत. काका रागावले. "खोऱ्यात समद्यांचं बाप आलं, आमचाच भाऊ तेवडा न्हाई आला." धाकट्याने त्यांना समजावलं नाही. मला एकटीला सांगितलं तसं कुणालाच सांगितलं नाही: अंतरपाट धरला की तो कानात इअरफोनचं बोंडुक घालून उभा राहणार आहे. फेट्याखाली दिसणार नाही. सगळा तुकडाही नको, त्याने शेवटचे दोनच शब्द वेगळे कापून घेतले आहेत. मी हाय. मंगलाष्टकं चालू असताना तेवढेच ऐकणार आहे. "मला आता त्यांचा घरातला आवाज आठवाय लागलाय," असंही म्हणाला.

लग्न रविवारी आहे, आणि मला बसवत नाही. कारण मूळ रेकॉर्डिंगमध्ये 'वाजू दे वाजतंय ते' इथपर्यंत तुम्ही स्पष्ट आहात, आणि पुढे हलगीचा ठोका पडतो. ठोक्याखाली तुमचं काहीतरी आहे. दोन अक्षरं असतील, तीन असतील. गोंगाट काढणारा आमचा प्रोग्राम जिथे आवाज उरलेलाच नसतो तिथे अंदाजाने भरतो; तेच त्याचं काम आहे आणि तो ते उत्तम करतो असं मीच ऑफिसात लिहून दिलं आहे. पहिल्यांदा चालवला तेव्हा त्याने 'मी हाय' भरलं. मला शंका आली, म्हणून जरा बदल करून पुन्हा चालवला. तेव्हा 'नीज' असं काहीतरी आलं. तिसऱ्यांदा नुसता श्वास आला. तुम्ही काय म्हणालात ते मला माहीत नाही. काही म्हणालात की मांडी सारखी करताना फक्त दम सोडलात, हेही माहीत नाही.

हे त्याला सांगायचं तर रविवारच्या आधी सांगायला हवं. रोज सकाळी फोन हातात घेते, दुसरंच काही बोलते, हॉलच्या पार्किंगचं, आचाऱ्याचं, आणि ठेवते. हे लिहिलेलंही त्याच्या हाती लागणार नाही. मी सांगणार नाही, हे मला आता जवळजवळ नक्की वाटतं. तुमची शपथ घेतली तेव्हा मी तिन्ही तुकडे ऐकलेले होते. 'मी हाय' मी निवडलं, आण्णा, आणि ते फक्त त्याच्यासाठी निवडलं नव्हतं.