आईची डबी माझ्याकडे

मंगळ., ७ जाने.

सिगरेट शून्य. दिवस नववा. घरात सगळे खूश. सुजाताने डब्यात भरली वांगी दिली, वर न मागता गुळाचा खडा. बायको नवऱ्याला बक्षीस देते ते असं.

खरं इथे लिहितो, कारण ही वही गाडीच्या कप्प्यात असते आणि कप्प्याची किल्ली माझ्याकडे. सिगरेट सोडली, धूर सोडला नाही. ३० ला उल्हासनगरला गेलो, कॅम्प तीनच्या मागच्या गल्लीत, मोबाईल कव्हरवाल्याकडे. व्हेपवर, म्हणजे वाफ ओढायच्या यंत्रावर, बंदी आहे, म्हणून पाटी नाही. कव्हरांच्या खालून काढून दिलं. म्हणाला, "साईं, पचास से चालू करो. फिर बीस, फिर छह, फिर तीन, फिर ज़ीरो. चार महीने में आदमी फ्री." पचास म्हणजे निकोटीनचा आकडा, बाटलीवर लिहिलेला. यंत्राला मी पेन म्हणतो. दिसतंही तसंच.

शपथ काय होती ते नीट आठवून बघितलं. २९ ला लिफ्ट बंद, तीन मजले चढून दारातच बसलो, श्वास पुरेना. आई रडायला लागली. तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणालो, "आजपासून सिगरेट ओढणार नाही." सिगरेट ओढलेली नाही. मग शपथ मोडली का? वकील व्हायला हवं होतं, उगाच ड्रायव्हिंग स्कूल काढलं.

बुध., ८ जाने.

सकाळी ७ ला गायकरबाईंचा क्लास. वय ५२, गिअरची भीती. गाडीत बसल्या बसल्या नाक वर. "सर, स्ट्रॉबेरीचा वास येतोय." म्हटलं, च्युइंगम. त्या म्हणाल्या, "सिगरेट सोडल्यावर तेच चांगलं, आमच्या ह्यांनाही सांगते."

आता त्यांचे हेही माझ्यामुळे च्युइंगम खाणार.

शुक्र., १० जाने.

आज जे झालं त्याने डोकं फिरलंय.

संध्याकाळी घरी आलो तर आई पलंगावर पाय सोडून बसलेली, मांडीवर मशेरीची डबी. पितळेची, तिच्या सासूने दिलेली. मला म्हणाली, "बाला, तू सोरलीस ना? मंग मी पन सोरते."

मी हसलो. पन्नास वर्षं मशेरी लावते ही बाई. तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, कुटायची, सकाळ-दुपार-संध्याकाळ दातांना. या सोनिवलीच्या बिल्डिंगमध्ये राहायला आलो तेव्हा पहिल्यांदा भाजली तर अख्खा मजला खोकत बाहेर आला, सेक्रेटरी वर धावला. तेव्हापासून दार-खिडक्या लावून भाजते, पण सोडली नाही. बाबा सांगून गेले, डॉक्टर सांगून थकले.

"हसतस काय? तू पोर असून सोरलीस, मी तर म्हातारी. मना काय अवघड हाय?"

डबी माझ्या हातात दिली. भरलेली. म्हटलं, टाकून देतो. "टाकू नको. तुझ्याकडं हाय म्हंजे मना धीर. पन मी मागली तरी देवू नको. माझी शपथ."

सुजाताच्या डोळ्यांत पाणी. मी डबी घेऊन खाली आलो, गाडीच्या कप्प्यात ठेवली. तिथे पेन होतं. दोन्ही एका जागी. कप्पा लावला आणि गाडीतच बसून राहिलो.

मग चार फुंका मारल्या. लिहितोय ते खरं लिहायचं.

मंगळ., १४ जाने.

संक्रांत. आईचा चौथा दिवस. डोकं धरून बसलीय, पोट साफ नाही, हाताला कंप. सुजाताने तीळगूळ दिला तर म्हणाली, "कडू केलास." मग स्वतःच रडली. "मी अशी नव्हती गं कधी."

मला विचारलं, "तुना बी असा होते काय रं?"

म्हटलं, "हो, थोडं होतं."

काही होत नाही मला. व्यवस्थित ५० चालू आहे.

गायकरबाईंना रोज सांगतो, क्लच हळू सोडा, एकदम सोडलात की गाडी बंद पडते. आईने एकदम सोडला. आणि कोणाच्या भरवशावर, तर माझ्या.

रवि., १९ जाने.

हा दिवस लिहायचा नव्हता. पण लिहितो.

दुपारी सुजाता माहेरी. आई माझ्या खोलीच्या दाराशी आली. आत आली नाही, चौकटीला धरून उभी. "बाला, इतकीशी दे. बोटाला लागंल इतकी. आज एकदाच."

माझ्या आईने माझ्याकडे आयुष्यात काही मागितलेलं नाही. आजारपणात औषधसुद्धा मागत नाही, आपण बघून आणायचं.

मी म्हणालो, "तूच शपथ घातलीस ना? मला नाही जमत का? मग तुला का नाही जमणार?"

हे वाक्य मी बोललो. शर्टाच्या खिशात पेन होतं.

ती म्हणाली, "खरा हाय तुझा," आणि वळून गेली. जाताना पदराने तोंड पुसलं.

असल्या माणसाला काय म्हणायचं? मी गाडी शिकवायला बसतो तेव्हा मला "सर" म्हणतात लोक.

सोम., ३ फेब्रु.

५० संपली. उल्हासनगरला जाऊन २० आणली. कव्हरवाला: "शाब्बास साईं, कंट्रोल है आपका."

आता खरंच उतरवायचं. हिशोब असा: २० ची बाटली फेब्रुवारीभर, ६ ची मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, मग ३ ची, मग शून्य. शून्यावर आलो की बोललेलं खोटं आपोआप खरं होईल. आईला कळायचं कारणच नाही.

(दिवसभर पेन तोंडात. कमी कडक म्हणून दुप्पट ओढतोय. हे पण लिहून ठेवतो.)

गुरु., ६ फेब्रु.

आईला दातांच्या डॉक्टरणीकडे नेलं, बदलापूर पूर्वेला. जेवताना झोंबतं म्हणत होती. खालच्या ओठाच्या आत पांढरा चट्टा, मध्ये लाल. डॉक्टरने टॉर्च मारून मलाही दाखवला. दाखवायला नको होता.

"मशेरी कधी बंद केलीत आजी?"

"महिना व्हयाला आला." आणि माझ्याकडे बोट. "याच्या जीवावर."

डॉक्टर म्हणाली, फार चांगलं केलंत. बंदच ठेवली तर बहुतेक भरून येईल. परत लावलीत आणि भरलं नाही, तर मोठ्या हॉस्पिटलात तुकडा काढून तपासावा लागेल. बाहेर आल्यावर मला एकट्याला सांगितलं, "यांना परत हात लावू देऊ नका. तुमचं ऐकतात त्या."

बाबांना नेलं होतं त्या हॉस्पिटलच्या पायऱ्या आठवल्या. मला भीती वाटतेय. साधी, सरळ भीती.

आणि हेही कळलं की आता मी खरं सांगूच शकत नाही. सांगितलं तर ती म्हणणार, तू ओढतोस, मग मी लावते. अडकलो. स्वतःच्या हाताने.

मंगळ., ११ फेब्रु.

सुजाताला माहीत आहे.

पँट धुवायला घेताना छोटी चार्जरची वायर सापडली म्हणे. तेव्हा काही बोलली नाही. मग एकदा पार्किंगमध्ये मला ओढताना वरून बघितलं. जानेवारीतच.

"इतके दिवस बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं? तुम्हाला वाटतं तुम्ही फार हुशार. घरभर बेकरीचा वास येतो, अहो." मग स्वयंपाकघराकडे बघून आवाज खाली. "आईंना सांगू नका. ती जखम भरू दे. मग तुमचं काय व्हायचं ते होऊ दे."

मग भाकरी थापायला लागली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

बुध., २६ फेब्रु.

महाशिवरात्री. अंबरनाथला शिवमंदिरात. रांग पार पुलापर्यंत. आई अनवाणी, काठी टेकत, पण तरतरीत. सत्तेचाळीस दिवस झाले तिचे. तोंड स्वच्छ दिसतं, जेवण वाढलंय, सुजाताशी गप्पा मारते.

रांगेत वांगणीच्या दोन म्हाताऱ्या भेटल्या. एकीच्या कमरेला डबी. आई तिला म्हणाली, "फेक ती. माझ्या पोरानं सिगरेट सोरली एका दिसात, त्याचा बघून मी सोरली." त्या बाईने माझ्याकडे असं बघितलं की मीच कोणी देव. पाया पडायची बाकी होती.

"मी जरा गाडी बघून येतो" म्हणून निघालो. उसाच्या रसवाल्याच्या मागे उभा राहून ओढलं. आत शंकराला बेल वाहायला आई एकटीच गेली. परत आली तेव्हा माझ्या कपाळाला भस्म लावलं.

शनि., ८ मार्च

६ ची बाटली झाली, आजपासून ३. फुंकाही कमी होतायत, खोटं नाही. सकाळी उठल्या उठल्या लागायचं, आता चहानंतर. परवा गायकरबाईंच्या पूर्ण क्लासात आठवणसुद्धा झाली नाही. बाईंनी तिसऱ्या गिअरमध्ये स्टेशनचा पूल चढवला, मी खूश, त्या खूश.

डॉक्टरणीकडे दुसरी फेरी. लाल गेलं. पांढरं अर्ध्यावर. २७ ला परत बोलावलंय.

अजून पंधरा-वीस दिवस. मग शून्य. कधी नव्हे ते झोप लागली.

सोम., १७ मार्च

फसवलं.

रात्रीपासून छातीत धडधड. ३ वर इतकं व्हायला नको. सकाळी गाडीत बाटली नीट बघितली. लेबलचा कोपरा सुटलेला. नखाने खरवडला. खाली दुसरं लेबल. २०.

६ ची रिकामी बाटली सीटखाली होती. तिच्याही खाली २०.

म्हणजे फेब्रुवारीपासून मी एक पायरीसुद्धा उतरलो नाही. मार्चचं सगळं कौतुक आकड्यांचंच होतं.

क्लास टाकून उल्हासनगरला गेलो. शटर खाली. शेजारचा बॅगांना चेन बसवणारा म्हणाला, "दुकान खाली कर गया. सब चेकिंग का लफड़ा." जोरात शिवी तोंडात आली. आणि तिथल्या तिथे थांबलो. वरून एक लेबल, आत दुसरंच. मी कोणत्या तोंडाने शिवी घालणार? दोन महिने माझी आई माझ्यावरचं असंच लेबल वाचून चालली आहे.

गुरु., २० मार्च

सांगितलं.

सुजाता नको म्हणत होती. २७ पर्यंत थांबा, सात दिवस. पण मला आता तिच्यासमोर जेवता येईना. कालपासून ती मला विचारतेय, "बाला, तुना बरा नाय काय?" आणि माझ्या ताटात मासळीचा मधला तुकडा टाकतेय.

दुपारी ती सुपात सुकट निवडत होती. समोर बसलो. एका दमात बोललो. सिगरेट सोडली पण हे घेतलं, पहिल्या दिवसापासून, कमी करतोय असं वाटत होतं, ते पण खोटं निघालं.

ती निवडत राहिली. खडा काढला, बाजूला ठेवला.

"कवापासून बोललास?"

"पहिल्या दिवसापासून."

"म्हंजे मी दाराशी उभी राहून मागली, तवा?"

"खिशात होतं."

मग सूप बाजूला सारलं. "जा. माझी डबी आन."

सुजाता मध्ये पडली, "आई, नका ना, डॉक्टर काय म्हणाल्या..." आईने तिच्याकडे बघितलंही नाही. मी खाली गेलो. खरंतर डबी गटारात टाकून येता आली असती. पण तिच्याशी आणखी एक खोटं नको होतं. आणली.

तिने झाकण उघडलं. नाकाशी नेलं. डोळे मिटून वास घेतला, एवढा वेळ की सुजाता रडायला लागली. मग झाकण लावलं.

"तुझी पन आन."

पेन दिलं. दोन बोटांत धरून उलटंसुलटं करून बघितलं, हे एवढंसं, अशा नजरेने. उठली, देव्हाऱ्याखालचा खण उघडला, उदबत्तीच्या पुड्यांशेजारी दोन्ही ठेवली, खण लावला. कुलूप नाही त्याला.

"आता कुनी कुनाला शपथ नाय घालायची. ज्याला पायजे त्यानं घ्यायचा. सांगायचा पन नाय."

आणि परत सुकट निवडायला बसली. मी "माफ कर" म्हणालो ते तिला ऐकू गेलं की नाही, माहीत नाही. संध्याकाळी चहा दिला तिनेच. साखर बरोबर होती.

शुक्र., २१ मार्च, सकाळी ६.४०

वही घरी आणली. आता लपवायला काही उरलं नाही.

काल दुपारपासून काही ओढलेलं नाही. हे माझं खरं पहिलं शून्य. अक्षर कोंबडीच्या पायासारखं. डोकं ठणकतंय. आईने हेच अडुसष्टाव्या वर्षी काढलं आणि मी तिला म्हणालो, थोडं होतं.

गायकरबाईंना मेसेज केला, आज क्लास नाही.

आई बाथरूममध्ये. नळ चालू. मशेरी होती तेव्हा अशीच नळ सोडून पंधरा-पंधरा मिनिटं बसायची. जानेवारीपासून पाच मिनिटांत बाहेर येत होती. आज मी उठायच्या आधी गेलीय. सुजाता म्हणते बराच वेळ झाला.

"खण उघडून बघा ना," सुजाता.

"तू बघ."

ती उठत नाही. मी तरी कसा उठू? खण उघडला तर डबी आहे की नाही ते कळेल. पण डबीच्या शेजारी पेन आहे, आणि ते हाताला लागलं तर मी ठेवून देईन, याची मला आज खात्री नाही.

दारावर टकटक करायची का? काय विचारायचं? काल तिनेच म्हटलंय, सांगायचं पण नाही.

नळ अजून चालू आहे.