भोपळ्याविना समुद्रात

८ फेब्रुवारी, अंदमान

आज बोटीने प्रवाळ पाहायला गेलो. पाचवा महिना म्हणून नाववाला मला पाण्यात उतरू देईना. हेही म्हणाले, "कायले उतरतं, बस न इथंच." स्वतः मात्र बोटीचा काठ सोडत नव्हते. मी वाद घातला नाही. डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली, जॅकेट घातलं आणि शिडीवरून उतरले.

अकोटच्या मळ्यातल्या विहिरीत बाबांनी पाठीला सुका भोपळा बांधून पोहायला शिकवलं होतं. म्हणायचे, "हातपाय नको झाडू, पानीच उचलते तुले." तसंच केलं. पाण्याने आम्हा दोघांनाही उचललं. खालून निळे मासे गेले. मला भीती कशी वाटली नाही?

बाबांना जाऊन चार महिने झाले. असते तर त्यांनी गावभर सांगितलं असतं. मी कुणाला सांगू?

आईला फोन केला. रागावेल असं वाटलं. पण ती म्हणाली, "बापावरच गेली तू. भोपळा होता का पाठीले?"

म्हटलं, "या खेपेले पोटाशी होता."

आई हसली. चार महिन्यांत पहिल्यांदा.

हे जेवायला खाली गेले. मी ओला कुर्ता गोड्या पाण्यात धुऊन पिळला आणि बाल्कनीत वाळत टाकला.