दोन घरांची दोन उत्तरं

दि. ४ जुलै

चि. तडतड्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझी ताई आणि मी वेगळे झालो तरी तुझ्याशी माझं वाकडं नाही, म्हणून वकिलाआधी तुलाच लिहितोय. बिट्टी सोमवार ते शुक्रवार आईकडे आणि शनिवार-रविवार माझ्याकडे, हे कोर्टानं ठरवलंय. शनिवारी चारला तिला माझ्या दारात पोचवायचं काम तुझं. मामा म्हणून तूच ते अंगावर घेतलंस. गेले तीन शनिवार तू पावणेपाचला उगवलास. वाटेवरच्या चष्म्याच्या दुकानात कोण बसतं, हे मला कळलंय. कॉलेज अर्ध्यावर सोडलंस, आता प्रेमात पडलास. खुशाल पड, पण माझ्या मुलीच्या वेळात नको.

शिवाय सात वर्षांची पोर स्वतःच सांगते की आईकडे तिला कंटाळा येतो. ती कायमची माझ्याकडे असावी, असा अर्ज मी देणार आहे. तुझे तिन्ही उशीर त्यात येतील. वाईट वाटून घेऊ नकोस.

बाकी क्षेम. प्रकृतीस आणि डोक्यास जप.
बिट्टीचे बाबा

दि. ६ जुलै

ती. भावोजींस,
सा. न. वि. वि.

वाईट वाटलं नाही, संताप आला. चष्म्याच्या दुकानातली मला आवडते. लपवतोय कोण? नंबर नसताना दोनदा डोळे तपासून घेतलेत. बाइंडिंगच्या दुकानातलं काम आटोपून निघताना हाताला चिकटलेली खळ घासघासून धुतो आणि शर्ट बदलतो, हेही घाला अर्जात.

पण उशीर तिच्यामुळे होत नाही. कशामुळे होतो, ते सांगणार नाही, कारण बिट्टीला शब्द दिलाय. तुम्ही नकाशे काढता, रेघ जराही हलू देत नाही, ठीक आहे. पोर म्हणजे नकाशा नव्हे. मला कोर्टात उभं करा, तिथेही हेच सांगेन.

रागासकट लोभ आहेच, तो तसाच असू द्यावा.
तुमचा मेव्हणा (अजूनही)

दि. ९ जुलै

चि. तडतड्यास,
आशीर्वाद.

त्यांना काय लिहिलंस ते कळलं. कुठे हात जोडायचे आणि कुठे बाह्या सरसावायच्या, हे तुला कधी कळणार? लॅबमध्ये माझं लक्ष लागत नाही. काल एका पेशंटच्या बाटलीवर दुसऱ्याचं नाव चिकटवत होते, वेळेवर लक्षात आलं म्हणून निभावलं.

आपणही अर्जाला उत्तर देतोय. बाबांकडे करमत नाही, असं बिट्टी दर रविवारी रात्री मला सांगते. ते मी लिहून दिलंय. तू साक्षीला यायचंस. आणि उशिराचं कारण काय ते ओक एकदाचं. माझी पोर जाईल रे.

जेवत जा वेळेवर. तुझ्यावर चिडलेली तरी तुझीच,
ताई

दि. ११ जुलै

ती. ताईस व ती. भावोजींस,
सा. न. वि. वि.

एकच पत्र दोनदा लिहितोय, म्हणजे एकाला जास्त आणि एकाला कमी असं व्हायला नको. बिट्टीला विचारलं. ती म्हणाली, सांग, पण तू रागावून सांग, म्हणजे ते ऐकतील. तेव्हा आता ऐका.

चष्म्याच्या दुकानाच्या बाकावर बसून बिट्टी उत्तरं पाठ करते. तुमच्या दोघांच्या दारात पाऊल टाकलं की पहिला प्रश्न एकच, तिकडे काय झालं? तिकडे मजा आली असं म्हटलं की ताईचा चेहरा पडतो आणि भावोजी गप्प होतात. म्हणून तिनं ठरवलंय की दोन्हीकडे कंटाळा आला असंच सांगायचं. चष्मेवालीला तिनं विचारलं, खोटं बोलताना डोळे कुठे ठेवायचे? त्या मुलीला रडू आलं. मला तर भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. हे पाठांतर पंचेचाळीस मिनिटांत होतं. तोवर मी तिला उठवत नाही आणि उठवणारही नाही.

पोर तुमची मनं राखतेय आणि तुम्ही तेच शब्द पुरावा म्हणून कोर्टात मांडताय! मला साक्षीला बोलवाच. दोघांच्याही विरुद्ध बोलेन. मामा बदलायचा असेल तर तोही अर्ज द्या.

मोठ्यांना उलट बोललो त्याची माफी मागत नाही. माया कमी करू नये.
तुमचा तडतड्या

दि. २० जुलै

चि. तडतड्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझी भाषा मला मुळीच पसंत पडली नाही. पत्र मात्र चारदा वाचलं. तुझ्या ताईनं तिच्या उत्तरातलं ‘बाबांकडे करमत नाही’ हे वाक्य काढल्याचं कळवलंय. मीही अर्ज मागे घेतलाय. बिट्टी आहे तशीच दोन्हीकडे राहील.

काल ती आली. बूट काढून दारातच उभी राहिली, माझ्या प्रश्नाची वाट बघत. मी विचारलं नाही. बराच वेळ घरभर फिरली. मग जेवताना आपणहूनच म्हणाली की आईनं लॅबमध्ये नेऊन कांद्याचा पापुद्रा भिंगाखाली दाखवला, त्यात विटांसारखे चौकोन होते, आणि तिकडे खूप मजा येते. एवढं बोलून घास हातात धरून माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिली.

जड गेलं मला. तरी तिला भाजी वाढली आणि त्या चौकोनांच्या आत काय होतं, ते विचारलं. पानावरून उठेपर्यंत ती सांगत होती.

आमच्या दोघांवर असाच डोळा ठेव.
बिट्टीचे बाबा