महोदयेचं उत्तर

प्रिय बंड्या,

पत्र बघून दचकू नकोस. माझा फोन तू उचलत नाहीस, आणि तुझे मेसेज तुझ्याआधी तुझा सेक्रेटरी वाचतो. मला माहीत आहे, कारण आधी तो माझा सेक्रेटरी होता. म्हणून कागदावर लिहितेय. दवाखान्यातच बसलेय. सकाळचे साडेदहा वाजलेत आणि पेशंटची खुर्ची रिकामी आहे. पूर्वी या वेळेला बाहेर सात-आठ जण गाल धरून ओळीने बसलेले असायचे. आता काउंटरवरच्या बाई दुपारपर्यंत शब्दकोडं सोडवतात आणि अडलं की मला विचारतात. परवा 'विश्वासघात करणारा, तीन अक्षरी' असं आलं होतं. ते मात्र त्यांनी मला न विचारता भरलं.

हे रडगाणं नाही. मला हसू आलं आणि वाटलं, हे तुला सांगायला हवं. अशा गोष्टींवर आपण दोघं किती हसायचो! आता हसायला माणूस नाही, एवढंच. नाव तुझं बंड्या आणि बंड केलं मी, हा विनोदसुद्धा माझा स्वतःलाच दोनदा सांगून झालाय.

तू गावभर म्हणतोस ना, 'बाबा असते तर त्यांनी ताईचं तोंड पाहिलं नसतं'? बाबांच्या त्या मतमोजणीच्या दिवशी तू नऊ वर्षांचा होतास, पण विसरण्याइतका लहान नव्हतास. मतमोजणी शाळेच्या हॉलमध्ये होती आणि आपण दोघं बाहेर पायरीवर डबा घेऊन बसलो होतो. पक्षाचे मोजणी प्रतिनिधी बाबा होते. आपला माणूस एक्केचाळीस मतांनी पडला. सगळे बाबांना म्हणत होते, सही करू नका, घोळ घाला, बघू पुढे काय होतं ते. बाबांनी तीनदा मोजायला लावलं. तिन्ही वेळा एक्केचाळीस. मग त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि सही केली. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्याच पक्षाच्या लोकांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं, ते दोन वर्षं. तरी पक्षाची वर्गणी त्यांनी एकदाही चुकवली नाही. तेव्हा त्यांनी माझं तोंड पाहिलं असतं की नाही, हे तू ठरवू नकोस.

आणि मी काही धुतल्या तांदळासारखी नाही, तेही लिहून टाकते. राष्ट्राध्यक्षपदाच्या आपल्या उमेदवाराने मैदानात माइकवर सांगितलं, 'मी जिंकलो तरच निकाल खरा, हरलो तर निकाल खोटा', तेव्हा लोक हसले, टाळ्या पडल्या. व्यासपीठावर तिसऱ्या खुर्चीत मी होते. मीही टाळ्या वाजवल्या. अकरा वर्षं जिल्हाध्यक्ष होते, हात आपोआप एकमेकांवर आपटतात. घरी गेल्यावर साबणाने हात धुतले तेव्हा कळलं की आपण काय केलं.

मग आठवड्याने कार्यालयात तो कागद आला. राष्ट्राध्यक्षपदाच्या मतमोजणीत ज्या केंद्रावर आपण मागे असू, तिथे आपल्या प्रतिनिधीने निकालपत्रकावर सही करायची नाही. कारण काय द्यायचं, तेही खाली छापलेलं. मोजणी व्हायला अजून वीस दिवस होते, बंड्या, आणि तक्रार छापून तयार! मी तुझ्याकडे पाहिलं. तू खिडकीकडे बघत म्हणालास, 'ताई, वरून आलंय. आपण फक्त खाली सोडायचं.' पर्स उचलली, दवाखान्यात आले आणि एका बाईंची अक्कलदाढ काढली. चाळीस मिनिटं लागली. तेवढ्यात माझं ठरलं.

समोरच्या पक्षाच्या उमेदवार बाईंवर मी वीस वर्षं तोंडसुख घेतलंय. त्यांचं करांबद्दलचं भाषण ऐकताना मला आजही दात खाऊन बसावं लागतं. त्यांच्या सभेत मी चारच मिनिटं बोलले, आणि तू ती क्लिप पूर्ण पाहिली नसशील म्हणून सांगते. मी म्हणाले, 'मी पक्ष बदललेला नाही. माझं मत या एका निवडणुकीपुरतं या बाईंना आहे. कारण त्या हरल्या तर मुकाट्याने घरी जातील, एवढी मला खात्री आहे.' बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की हे कौतुक आहे की टोमणा हे त्यांना कळेना. त्यांच्या लोकांनाही मी नकोच होते. मला दुसऱ्या रांगेत खांबाच्या मागे बसवलं होतं, आणि खाली उतरताना त्यांचा एक कार्यकर्ता मला ऐकू जाईल असं म्हणाला, 'हिला आत्ताच बरी उपरती झाली!' त्याचंही बरोबर होतं. मला उशीरच झाला होता.

माझ्या खुर्चीत बसून लिहिलेलं तुझं पत्र तिसऱ्या दिवशी आलं. हकालपट्टीचं मला काही वाटलं नाही, नियमात होतं. कार्यालयातला माझा फोटो उतरवलात, तेही ठीक, त्यात माझी मान वाकडी आली होती. पण पत्राची सुरुवात होती 'महोदया'. ज्याला मी बोट धरून शाळेत सोडलं, त्याने मला महोदया लिहिलं. मी ते काउंटरवरच्या बाईंना दाखवलं आणि मोठ्याने हसले. मग आतल्या खोलीत गेले आणि दहा मिनिटं बाहेर आले नाही.

निकाल तुला पाठ आहे. आपल्या जिल्ह्यात तुमचं मताधिक्य अकरा हजारांवरून साडेनऊ हजारांवर आलं. देशात तुमचा माणूस जिंकला, आणि त्याने निकाल अगदी मोठ्या मनाने मान्य केला! त्या दिवशी तुझा एकच मेसेज आला: 'काय मिळवलंस?' त्याचं उत्तर महिन्याभराने दवाखान्याच्या मागच्या दाराने आलं. भर दुपारी, तोंडाला मफलर गुंडाळून. आपला बेकरीवाला. पंधरा वर्षं पक्षाचा प्रतिनिधी म्हणून केंद्रावर बसलेला माणूस. दाढ इतकी सुजली होती की नाइलाजाने माझ्या दारात आला होता. तोंड उघडं असताना कुणी राजकारण बोलू शकत नाही, हा माझ्या धंद्याचा फायदा. पण काम झाल्यावर तो बोलला. 'बाई, तुम्ही त्यांच्या स्टेजवर गेलात ते मला अजिबात पटलेलं नाही. मी मत आपल्याच माणसाला दिलं. पण आमच्या केंद्रावर आपण त्रेसष्टने मागे होतो. पत्रक समोर आलं, आणि आकडा खरा होता. तुम्ही एवढं सगळं पणाला लावलंत, मग मला साधी सही करायला काय जड होतं?' त्याच्यासारखे आणखी आठ जण होते. नऊ केंद्रांवर आपण मागे, आणि नऊच्या नऊ ठिकाणी सह्या.

तर हे मिळवलं मी. मत म्हणशील तर त्याचंही फिरवू शकले नाही. पण वरून आलेला कागद नऊ जणांनी खाली सोडला नाही. आणि तू काय केलंस? सह्यांचं कळल्यावर आठवड्याच्या आत नऊही जणांना पक्षातून काढून टाकलंस. बेकरीवाल्याकडचे कार्यालयाचे पाव बंद केलेस. मला काढलंस ते मी गिळलं, बंड्या. हे मात्र घशाखाली उतरलं नाही.

आता मुद्द्याचं. एका गोष्टीची मी तुझी माफी मागते: त्या सभेचं तुला टीव्हीवरून कळलं, चार कार्यकर्त्यांसमोर. ते मी तुला आधी सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर तू मला अडवलं असतंस, आणि तू अडवलंस तर मी थांबेन अशी मला भीती वाटली. या वेळी ती भीती नाही, म्हणून आधीच सांगते. उद्या सकाळी अकरा वाजता मी नगराध्यक्षपदासाठी अपक्ष म्हणून अर्ज भरतेय. म्हणजे तुझ्याविरुद्ध. ते नऊ जण माझ्याबरोबर आहेत. तू कदाचित मला सहज पाडशील, पण मी जिंकायला उतरतेय, हे नीट समजून घे. आणि नेहमीसारखं मला समजवायला आईला पाठवू नकोस. अर्जावर सूचक म्हणून तिचीच सही आहे. परवा स्वतः रिक्षा करून आली, चष्मा लावून अर्ज पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला आणि सही केली. म्हणाली, 'मी त्याच्या घरात राहते, त्याच्या ताटाशेजारी बसून जेवते. त्याला सांगायला माझी जीभ उचलत नाही. तू मोठी आहेस, तू सांग.' म्हणून हे पत्र लिहिलं. तिला काही बोलू नकोस.

तुझीच, आणि उद्यापासून तुझ्यासमोरची,
ताई