लॅपटॉपच्या पोटातला नंबर

१४ मार्च, रविवार दुपार

प्रिय खटपट्या,

आशीर्वाद वेगळे लिहीत नाही, ते कायमचेच आहेत. इथे सगळे बरे. माझा गुडघा जिना चढताना कुरकुरतो. तुझे भावजी म्हणतात, कुरकुर तो माझ्याकडूनच शिकला. लेकीची परीक्षा तोंडावर आलीय, त्यामुळे घरात टीव्ही बंद आणि शेजाऱ्यांचा मात्र भिंतीतून ऐकू येतो.

फोन सोडून पत्र कशाला, म्हणशील. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस. अर्ध्या वाक्यात "बरं बरं, कळलं" म्हणतोस. हे अर्ध्या वाक्यात कळण्यासारखं नाही.

आधी माझ्या कामाचं सांगते. आमच्या कंपनीत पूर्वी कॉम्प्युटरवर नंबराचे स्टिकर लावायचे. ते निघून जायचे, नाहीतर कोणी तरी नखाने खरवडायचं. म्हणून साहेब म्हणाले, "नंबर यंत्राच्या आतच टाका." डिस्कवर नाही हं. मुख्य बोर्डावर एक चिप असते, तिच्यात. कंपनीचं नाव, नंबर, कुठल्या विभागाचा. मग डिस्क पुसा, बदला, काहीही करा, तो नंबर जात नाही. यंत्र सुरू होताना एक बटण दाबून धरलं की पडद्यावर येतो. नवा माल आला की मी स्टोअरमध्ये बसून हेच करते. लोक चेष्टा करतात, "आमच्याही पाठीवर टाका की एक नंबर!"

तुझ्या कॉम्प्युटरच्या दुकानात तू विकण्याआधी फक्त डिस्क पुसतोस, ते मला माहीत आहे. गिऱ्हाईकाला त्याहून जास्त लागतही नाही.

हिवाळ्यात आमचं ऑफिस नव्या इमारतीत हललं, ते तुला आठवत असेल. सामान न्यायचं काम तुझ्या मेहुण्याच्या टेम्पोला मिळालं म्हणून आपण सगळेच खूश होतो. त्या हलवाहलवीत नव्या लॅपटॉपचं एक खोकं गायब झालं. स्टोअरच्या बाईंनी जुन्या इमारतीतून सगळी खोकी बंद करून दिली, नव्या इमारतीत कोणी मोजून घेतली नाहीत. कागदावर शेवटची सही बाईंची. या महिनाअखेर त्या निवृत्त होतायत. कोणी तोंडावर चोर म्हणत नाही, पण जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या टेबलावर आता कोणी बसत नाही. मी बसते. परवा त्या डबा उघडता उघडता म्हणाल्या, "मला निरोपाचा कार्यक्रम नको. टाळ्या वाजवताना लोक माझ्याकडे बघतील, ते मला सोसणार नाही."

आता लेकीच्या लॅपटॉपचं. तू कॉलेजसाठी दिलास तो. गेल्या रविवारी ती म्हणाली, "आई, हा मध्येच अडकतोय, बघ ना." मी बंद करून परत सुरू केला आणि सवयीने बोट त्या बटणावर गेलं.

पडद्यावर आमच्या कंपनीचं नाव आलं. खाली नंबर. त्याखाली हिशेब विभाग, स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त. ते अक्षर माझंच. गायब झालेल्या खोक्यातल्या सगळ्याच लॅपटॉपना घाईत तीच चूक झाली होती आणि नंतर दुरुस्त करू म्हणून राहिली. दुसऱ्या कोणाची चूक असती तर मी शंका तरी घेतली असती.

"काय झालं गं?" लेकीने विचारलं.

"मामाने हा कुठून आणला, काही बोलला होता का?"

"मामीच्या भावाकडून. स्वस्तात मिळाला म्हणत होता. का?"

मी तिला दुसऱ्या दिवशी सांगितलं. ती रडली नाही. तिने आपल्या फाइली काढून घेतल्या, पडदा स्वच्छ पुसला आणि पिशवीत भरून दिला.

तर खटपट्या, जे लिहायला मी दोन पानं घेतली ते हे: तो लॅपटॉप मी साहेबांसमोर ठेवला. कुठून आला विचारल्यावर तुझ्या दुकानाचं नाव सांगितलं. कंपनीची दोन माणसं तुझ्याकडे येतील. तुला आधी विचारायला हवं होतं, असं तुझे भावजी म्हणाले. पण आधी विचारलं असतं तर तुला उत्तर जुळवायला वेळ मिळाला असता, आणि मग ते खरं की जुळवलेलं, हे मला जन्मभर कळलं नसतं. ते मला नको होतं.

माल कोणी आणला ते त्यांना सरळ सांग. घरात वादळ होईल, मला कळतंय.

तुझी ताई


२० मार्च

ताई,

पत्र मिळालं. तुझी माणसं त्याआधीच येऊन गेली होती.

मी मेहुण्याचं नाव सांगितलं. शटरमागे त्याच खोक्यातले चार राहिले होते, ते काढून दिले. विकलेल्यांची बिलं दिली. मेहुणा आधी ओरडला, मग खाली बसला, मग कबूल झाला. कंपनी तक्रार करणार आहे. ही माहेरी गेलीय. जाताना म्हणाली, "तुमच्या बहिणीने माझ्या भावाला धरून दिलं आणि तुम्ही हातभार लावलात."

मला माहीत होतं का, हे तू पत्रात कुठेच विचारलेलं नाहीस. मुद्दामच विचारलं नसशील. तर सांगतो. चोरीचा आहे हे माहीत नव्हतं. भाव फार कमी होता, तेव्हा विचारायला हवं होतं. विचारलं नाही. चोरीचा वाटला असता तर भाचीला दिला असता का?

तू फोन केला असतास तरी मी हेच केलं असतं. तुला तसं वाटलं नाही, ते लागलं. बाकी सगळं निस्तरेन.

भाचीला सांग, अभ्यास सोडू नकोस.

तुझा भाऊ


१ एप्रिल

प्रिय खटपट्या,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. तुझ्या भावजींना दिलं तर त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि एवढंच म्हणाले, "बरोबर आहे त्याचं."

काल स्टोअरच्या बाई निवृत्त झाल्या. कार्यक्रम झाला. साहेबांनी सगळ्यांसमोर त्यांची माफी मागितली. हळू आवाजात, पण मागितली. बाई उठल्या, भाषणाचा कागद हातात होता तो उघडलाच नाही. म्हणाल्या, "मी घरी चालले, आणि मान ताठ आहे," आणि बसल्या. नंतर जिन्यात मला थांबवून विचारलं, "तुमच्या भावाला फार त्रास झाला का?" मी हो म्हटलं. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. ते तुझ्या वाट्याचे आभार, तुझ्या वतीने मी घेतले.

पहिल्या पत्रात मी मोठं तोंड करून लिहिलं, की तुझं उत्तर खरं की जुळवलेलं हे कळायला हवं होतं. मला भीती होती रे. तू खोटं बोलशील याची नाही. तू गयावया करशील आणि मी विरघळेन, याची. मग बाई तशाच गेल्या असत्या. माझ्या कच्चेपणाची शिक्षा तुला झाली.

रविवारी सकाळच्या गाडीने येतेय, एकटीच. आधी तुझ्या बायकोच्या माहेरी जाईन. ती दारातून परत पाठवेल, तर पाठवू दे. तिला मला तोंडावर बोलता आलं पाहिजे, तुझ्यामार्फत नको. तिथून तुझ्याकडे येईन. तू बोलला नाहीस तरी चालेल, मी बसून राहीन.

तुला न विचारता तुझं नाव सांगणारी, आणि तू सांभाळलंस म्हणून आज ताठ मानेने येऊ शकणारी,

तुझीच
ताई