माझ्या वजनाचा गूळ

शके १८६० (सन १९३८-३९), एरंडोल

वैशाख व. ५
कासारीण आली होती. नेहमीच्या मापाची बांगडी अंगठ्याखालीच अडली. तिनं तेल लावलं, हात दाबला, शेवटी वाढवावीच लागली. सहा महिन्यांत दुसऱ्यांदा माप वाढलं.
सासूबाई, म्हणजे अक्का, खुशीत. गेल्या वर्षी मी तापानं अंथरुणाला खिळले तेव्हा त्या पद्मालयाच्या गणपतीला नवस बोलल्या होत्या, हिला उठू दे, हिच्या वजनाइतका गूळ वाहीन. माघी चतुर्थीला फेडायचा. मी तराजूत बसणार आणि सगळा गाव बघणार. "देवले जास्ती पडी, पडू दे. मनी वहू शे!"
धडकी भरते. घाम फुटला म्हणावं तर तोही हल्ली येत नाही.

ज्येष्ठ शु. २
ऊन असं की ओट्यावर पाय ठेववत नाही. सगळे पंखा हलवताहेत, मी गोधडीत! आवाज घोगरा. आतून हाक मारली तर अक्का म्हणतात, "कोन बोलनं?" फणीत केसांचे पुंजके. चुलीपुढे बसल्या बसल्या डोळा लागला, वरण करपलं.

ज्येष्ठ व. ११
एकादशी, सोमवार, शनिवार, सगळे धरलेत. अंग तसूभर उतरत नाही.
अक्का : "इतला उपास करस, मंग आंग कसं वाढस तुनं?"
शेजारीण खिदळली. "फडताळाले कुलूप लावा, अक्का."
अक्का हसल्या नाहीत. पण संध्याकाळी पाहते तो फडताळाला कुलूप. मी काही खाल्लेलं नाही. देवाशपथ नाही. सांगू कोणाला?

आषाढ शु. ७
हे शाळेची रजा काढून जळगावला घेऊन गेले. आधी यांच्या मित्राच्या जिनमध्ये, कापसाच्या काट्यावर. गाठोड्यांच्या रांगेत मीही एक गाठोडं. दोन मण सात शेर.
डॉक्टरांनी गळा चाचपला, नाडी मोजली. म्हणाले, गळ्यातली ग्रंथी सुस्तावली आहे. चोरून खाण्यानं असं होत नाही.
तिथंच रडू आलं. हे खिडकीबाहेर बघत राहिले.
उपास बंद करायचे. वेळेवर जेवायचं : एक ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर, मुगाची डाळ, मेथी, ताक. गूळ, तूप, तळण नाही. आणि रोज एक गोळी. बरं वाटलं तरी सोडायची नाही.
परतताना विचारलं, गोळी कशाची? हे म्हणाले, "मेंढीच्या गळ्यातल्या ग्रंथीची पूड. अक्काला बोलू नकोस."
आमच्या घरात अंड्याचं टरफलसुद्धा कधी आलेलं नाही.

आषाढ शु. ९
घेतली. ताकाबरोबर. देवाकडे पाठ करून.

आश्विन शु. ५
आज भाकरी थापताना घाम आला! किती दिवसांनी. पुसलाच नाही. आवाज मोकळा. बांगड्या मनगटात खुळखुळतात. जिनच्या काट्यावर एक मण अडतीस शेर.
अक्कांनी स्वतः फडताळ उघडलं, किल्ली खुंटीला अडकवली. "बठ्ठं गणपतीनीच करं."
‘हो, सगळं त्यानंच केलं’ अशी मी मान हलवली. खोटारडी.

मार्गशीर्ष व. ४
संकष्टी. अक्कांनी बजावलं, "आते चतुर्थीलगून सोवळं पाळजो."
त्या देवाच्या नावानं तराजूत बसायचं आणि पोटात मेंढी? हात धजत नाही. गोळ्यांची बाटली शेवयांच्या डब्यात, तळाशी. आजपासून बंद. दीड-दोन महिन्यांनी काय बिघडतंय...

पौष व. ८
बिघडलं. पुन्हा गोधडी, पुन्हा घोगरा आवाज. जोडवी रुतताहेत. यांनी ओळखलं. "गोळी सोडलीस?" मी सोवळ्याचं सांगितलं. हे म्हणाले, "आणि गणपतीनं बरी केलेली सून पुन्हा आजारी पडली म्हणून अक्का देवावर रुसेल, त्याचं काय?" तेही खरंच. इकडे आड, तिकडे विहीर.

माघ शु. ३
अक्का शेवया काढायला गेल्या. बाटली घेऊनच बाहेर आल्या.
"हाई काय शे?"
सगळं सांगितलं. ग्रंथी, मेंढी, आषाढापासूनचं, सोडल्याचंही. रडले नाही. अक्का तिथंच उंबऱ्यावर बसल्या. "देवले माहीत शे का?" एवढंच. मग जेवल्याही नाहीत. बाटली त्यांच्याजवळच आहे.
मला त्यांची भीती वाटत नाही. त्यांनी माझ्यासाठी मागितलेलं मी नासवलं, याची वाटते.

माघ शु. ४, सकाळ
गुळाच्या ढेपा गाडीत चढल्या. दोन जास्तीच्या घेतल्यात, न जाणो. मी न्हाऊन नवं लुगडं नेसले.
अक्का आत आल्या. निऱ्या नीट केल्या. माझा हात हातात घेतला, सुजलेलं एकेक बोट दाबून पाहिलं. मग कनवटीची बाटली काढून माझ्या तळहातावर ठेवली.
"आज गोळी लेशी का?"
‘घेते’ ऐकायचं होतं त्यांना, की ‘नाही घेत’? चेहऱ्यावरून काही कळेना. मी म्हटलं, पाणी पिऊन येते, आणि इथं चुलीपाशी वही घेऊन बसले आहे. तांब्या भरलेला, बाटली मुठीत.
बाहेर गाडी जुंपली. अक्का दारातच उभ्या आहेत. अजून हाक मारलेली नाही.